गळ घेऊन गोवा: केरीपासून बेतुलपर्यंतचे चार दिवस

आम्ही कोल्हापूरकर मासे धरायचे म्हणजे पंचगंगा, राधानगरी, फार तर काळम्मावाडीचं पाणी. कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ, वर बूच, बूच बुडालं की ओढायचं. मी शाळेत असल्यापासून हेच करत आलोय. खाऱ्या पाण्याचं वेड लागलं ते मावसभावामुळे, म्हणजे दादामुळे, त्याचं घर पेडणे तालुक्यात, आणि दर पावसाळ्यानंतर तो मला चोणक माशाचे फोटो पाठवतो. मावसबहीण दरवर्षी भाऊबीजेला बोलावतेच, यंदा रॉड, रील आणि चार दिवसांची रजा घेऊनच गेलो. लिहायचं कारण एवढंच की गोव्यात गळाने मासे कुठे मिळतात असं विचारलं की लोक जागांची नावं सांगतात, आणि नुसत्या नावांनी माझा पहिला दिवस जवळजवळ वाया गेला होता.

पहिला दिवस, भाऊबीज, केरी

आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत दुपारी एकला पोचलो. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी दिवाळीत जाळलेल्या नरकासुरांच्या पुतळ्यांचे सांगाडे पडलेले, बांबू आणि तारा. मावशीने फोव, म्हणजे पोहे, ठेवले होते, दुधातले, ताकातले आणि रोसातले, रोसातले म्हणजे नारळाच्या दुधात गूळ घालून, तेच मी तीनदा घेतले. ओवाळून झालं आणि चारला आम्ही केरीत.

केरी म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाजवळचा किनारा. तेरेखोल नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो, सावंतवाडीकरांनी बांधलेला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला. किनाऱ्यावर सुरूची झाडं, त्यातली कित्येक समुद्राने मुळं उघडी करून आडवी केलेली. मला ती लांबलचक वाळू बघूनच हुरूप आला, दादाला म्हटलं थांब जरा, आणि स्पून, म्हणजे चकचकीत पत्र्याचं लुअर, खोटं आमिष, लावून फेकायला सुरुवात केली. दीड तास फेकत होतो. एक टोचणी नाही. दादा काही बोलला नाही, तो त्याच्या नेहमीच्या आजोबांना शोधायला नदीच्या तोंडाकडे गेला होता.

हे आजोबा सत्तरीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल, अर्धी चड्डी, हातात रॉड वगैरे काही नाही. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, त्याला शिसं आणि गरी, म्हणजे गळ, गरीला जिवंत सुंगट, आपली कोळंबी. पण सुंगट शेपटीकडून टोचलेलं, डोक्याच्या काळ्या ठिपक्याला सुई लागू न देता, म्हणजे ते पाण्यात पोहत राहतं. मी पोचलो तेव्हा ते गरवत नव्हते, नुसते पाण्याकडे बघत बसले होते. मी विचारलं मासा कुठे असतो, तर त्यांनी वाळूकडे पाठ केली आणि नदीकडे हनुवटी उडवली.

"पाणी खंय पळता तां बघ. मासो थंयच ऱ्हवता."

तेव्हा कुठे मला दिसलं. ओहोटी सुरू होती, सगळी नदी त्या अरुंद तोंडातून बाहेर ओढली जात होती, आणि नदीचं मातकट पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी जिथे भेटतं तिथे फेसाची एक वाकडी रेघ तयार झालेली. ओहोटीबरोबर नदीतली सुंगटं, बारकी मासोळी बाहेर वाहून येते, मोठा मासा त्या रेघेच्या कडेला तोंड उघडून उभा असतो, त्याला धावपळ करायची गरजच नसते. आणि मी तीनशे मीटरवर सपाट वाळूत स्पून फेकत होतो जिथे पाणी कुठेच जात नव्हतं, नुसतं वरखाली होत होतं.

आजोबांनी त्यांच्या डब्यातलं एक सुंगट मला दिलं. रेघेच्या पलीकडे टाकलं, शिसं हलकं ठेवलं, दोरी सैल सोडत वाहू दिलं. सूर्य पाण्याला टेकायच्या आधी एक करकरा आला, वितीपेक्षा थोडा मोठा, रुपेरी. हातात धरला तर खरंच कर्र कर्र करत होता, तळहाताला त्याची थरथर लागते, दात घशात घासून तो हा आवाज काढतो. तिशी ओलांडलेला माणूस मी, पण त्या माशाने मला शाळकरी करून टाकलं.

आता भरती-ओहोटीचं जरा सांगतो कारण सगळं त्यावरच आहे. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते. मुंबईकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे द्वितीयेला दीड वाजता. गोव्यात भरती मुंबईपेक्षा तासभर तरी आधी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या आसपास जातो, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळसावलेलं असतं. दिवाळीची अमावास्या नुकतीच झालेली म्हणजे आम्हाला पाणी जोरदार मिळालं, हे नशीब, नियोजन नव्हे. मोबाईलवर भरतीची ॲप आहेत, ती वापरा, पण नदीत आत जाल तशी भरती उशिरा लागते हे ॲप सांगत नाही.

दुसरा दिवस, केरीचे खडक आणि मोरजी

आजोबांचा दुसरा सल्ला असा की मासे धरायला जायच्या आधी एकदा पूर्ण सुकतीला जागा बघून यायची. म्हणून सकाळी सातला, पाणी सगळ्यात खाली असताना, केरीच्या दक्षिणेकडच्या खडकांवर गेलो, जे पुढे हरमलच्या दिशेने जातात. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, पाणी तेलासारखं सपाट. आदल्या संध्याकाळी जिथे नुसता काळा समुद्र दिसत होता तिथे आता खडकाखडकांमधल्या गल्ल्या, एक मोठी घळ, वाळूचे खड्डे, सगळं उघडं पडलेलं. मी मोबाईलवर तीस-चाळीस फोटो काढले. पुढे भरती चढल्यावर ते फोटो बघून बघून फेकत होतो, हा एक उपाय मला शंभर लुअरपेक्षा जास्त उपयोगी पडला.

खडकांवर कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी. रबरी चप्पल घालून जाऊ नका. तळ धरणारे बूट हवेत, आणि काळं गुळगुळीत शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. लाटेकडे पाठ कधीच करायची नाही. शांत वाटणाऱ्या समुद्रातही दहा मिनिटांत एखादी लाट बाकीच्यांच्या दुप्पट येते.

साडेदहापासून चढत्या पाण्यात फेकलं. मी दोन लुअर खडकाला दिले. दादाने त्या घळीच्या तोंडाशी मऊ रबराचं मासोळीचं लुअर तळाला टेकवत टेकवत आणलं आणि त्याला तांबोसा लागला, किलोभराचा, आपल्याकडे तांब म्हणतात तो. लागल्या लागल्या तो खडकात घुसतो, तेव्हा दोरी देत बसलात तर संपलं, पहिल्या तीन सेकंदांत रॉड उचलून त्याला बिळापासून तोडायला लागतं. दादाने तोडला. विटेसारखा लाल, उन्हात धरला तर खवले तांब्याच्या भांड्यासारखे चमकत होते.

पण वार सोमवार. मावशीच्या घरात सोमवारी मासा उंबरठ्याच्या आत येत नाही, फ्रिजमध्येसुद्धा नाही. तांबोसा शेजाऱ्यांकडे गेला आणि आम्ही अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची आमटी, आणि भात जेवलो, आणि खोटं कशाला बोलू, ते तोणाक इतकं चांगलं होतं की तांबोशाची हळहळ तासाभरात गेली.

दुपारनंतर मोरजीला, शापोरा नदीच्या तोंडाशी. इथे वाळूची पट्टी आहे, पाण्यात उतरून मांडीपर्यंत उभं राहायचं, बारीक गरी, सुंगटाचा नखाएवढा तुकडा, आणि मुडदुशी. मुडदुशी म्हणजे लेडीफिश, लांबट, रुपेरी, वाळूत तोंड खुपसून खाणारी. ती चावत नाही, ती टकटक करते, बोटावर दोरी ठेवली की कोणीतरी नखाने वाजवल्यासारखं कळतं. दोन तासांत अकरा मिळाल्या. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर मी डोळे झाकून ही जागा सांगेन. फक्त दोन गोष्टी. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, वाळूत वागळी लपलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा विषारी. संगट नावाची मासळी गळाला लागली तर तिचेही काटे तसेच, पक्कडीशिवाय हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हंगाम नोव्हेंबरपासूनच सुरू होतो. काठ्या आणि दोऱ्यांनी राखलेला भाग आहे, तिकडे फिरकू नये आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन किनाऱ्यावर हिंडू नये. आम्ही सूर्य बुडाल्यावर निघालोच. तुटलेलं तंगूसही खिशात घालून आणा, ते वाळूत राहिलं तर कासवाच्या गळ्यात जातं.

तिसरा दिवस, एक फसलेली बोट आणि चोडणची मानस

सकाळची बोट फसली. पैसे आधी भरले होते, चार तास, खडकांवर मासेमारी असं ठरलं होतं. प्रत्यक्षात बोट तासभर उशिरा आली, किनाऱ्यापासून दिसेल इतक्या अंतरावर नांगर टाकला, मोठ्याने गाणी लावली, आणि दीड तासात परत. बोटीतल्या बाकीच्यांना मजा आली असेल, त्यांना फोटो हवे होते. आम्हाला तीन केंड मिळाले, फुग्यासारखे फुगणारे, जे विषारी असल्यामुळे खायचे नसतातच. बोट ठरवताना एवढंच विचारा: भरतीच्या कुठल्या वेळेला निघणार, नांगर टाकून बसणार की फिरत फिरत लुअर ओढणार, आणि तळ खडकाचा की वाळूचा. बोटवाला यांची उत्तरं पटापट देत असेल तर तो स्वतः गरवणारा आहे. पैसे मात्र धक्क्यावर, बोट डोळ्यांनी बघून.

संध्याकाळ मात्र आयुष्यभर लक्षात राहील.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो. बेटाच्या एका टोकाला कांदळवनात सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे मासेमारीचा प्रश्नच नाही, आम्ही गेलो ते बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या खाजनांकडे. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून वाचवलेली शेती, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. बांधाला जिथे दार असतं त्याला मानस म्हणतात. लाकडाची दारं, भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकललं की उघडतात. मोटर नाही, वीज नाही, चंद्राच्या जोरावर चालतं सगळं. आतली सुंगटं आणि शेवटे, काळुंद्र्या असे मासे ओहोटीला त्या दारातून बाहेर पडतात आणि बाहेर चोणक वाट बघत असतो, आपला जिताडा तो. केरीच्या तोंडाचीच गोष्ट, फक्त दोन हात रुंदीत.

पण मानशीवर मासे धरायच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो, तिकडे पावणी म्हणतात. ज्याने घेतला तो ओहोटीला दाराला जाळं लावतो, त्याचं पोट त्यावर असतं. तेव्हा न विचारता तिथे गळ टाकणं ही सरळ चोरी आहे, हे फिरायला येणाऱ्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि मग भांडणं होतात. आम्ही गेलो तेव्हा मानशीचा माणूस बांधावर जाळ्याला गाठी मारत बसला होता. दादाने त्याच्याशी आधी पावसाची, मग शेताची, मग कोण कुठल्या वाड्यावरचा याची चौकशी केली, अर्धा तास गेला. मग त्यानेच सांगितलं की जाळ्याच्या आत नको, बाहेरच्या बाजूला त्या कोपऱ्यात उभे राहा, आणि आवाज करू नका, चोणकाला बांधावरचं पाऊल ऐकू येतं.

भरती दोनच्या सुमाराला पूर्ण होऊन गेली होती. साडेचारला दारं उघडली, पाणी घों घों करत बाहेर. सहाला सूर्य गेला. कांदळवनातून बगळे परतत होते, डास इतके की मी टॉवेल तोंडाला गुंडाळला. मी पाण्याच्या धारेच्या कडेला लुअर टाकून धारेबरोबर वाहू द्यायचो आणि मग हळूच दोन झटके. पंधरा-वीस वेळा काही नाही. मग एक आवाज झाला, टप्प, जसं कोणी रिकाम्या डब्यावर थापटी मारली, आणि रॉड वाकला.

चोणक पाण्याबाहेर उडी मारतो. अख्खा. डोकं हलवतो, कल्ले उघडतो, आतला लाल रंग दिसतो, त्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते आणि साधी दोरी तिने तुटते, म्हणून गळाजवळ दोन हात लांबीचं लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, लावायचं, चाळीस पौंडाचं तरी. तीन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला मी रॉड खाली घेतला, हे दादाने ओरडून सांगितलं म्हणून. दहा मिनिटांनी मानशीचा माणूसच पाण्यात उतरला आणि खालच्या जबड्यात अंगठा घालून मासा वर घेतला. दादाने टॉर्च मारला तेव्हा त्या माशाचे डोळे पेटलेल्या निखाऱ्यासारखे लाल, मांजराचे हिरवे चमकतात ना तसे, पण लाल. पाठ काळपट सोनेरी, कपाळाला खोलगट बाक. त्यांच्या काट्यावर पावणेचार किलो भरला.

माझे हात थरथरत होते आणि अंगठ्याला कल्ल्याने चीर पडली होती हे मला फेरीबोटीत कळलं.

अर्धा मासा आम्ही त्या माणसाला दिला, तो घेत नव्हता, त्याच्या बायकोने घेतला आणि बदल्यात खारातल्या आंब्यांची पिशवी दिली. चोणक आधी नर असतो आणि मोठा होता होता त्याची मादी होते, म्हणजे फार मोठे जे मिळतात ते अंडी घालणारे. आठ-दहा किलोचा कधी लागला तर मी फोटो काढून सोडीन, हे तिथेच दादाशी बोलून ठरवलं. उरलेला अर्धा घेऊन दक्षिणेला निघालो, असोळण्याला मुक्काम, पोचायला साडेनऊ. घरमालकीण बाई झोपायच्या तयारीत होत्या, मासा बघितला आणि स्वतःहून चूल पेटवली. तुकडे रव्यात, डोकं हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत. रात्री अकराला जेवलो. चोणकाचं मांस पांढरं, घट्ट, पाकळ्यांसारखं सुटतं, आणि गालाचा तुकडा त्यांनी मला वाढला कारण "धरलेल्याचो मान".

चौथा दिवस, बेतुल आणि काब द राम

पहाटे बेतुल. साळ नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे मोबोरची वाळू, अलीकडे बेतुलची होड्यांनी भरलेली खाडी. सुकती साडेआठच्या पुढे होती म्हणजे उजाडताना ओहोटीचं पाणी अजून वाहतं, आता मला कुठे उभं राहायचं हे विचारावं लागलं नाही. फेसाची रेघ शोधली. चकचकीत स्पून जोरात ओढत आणायचा, टोंकीला पळणारी वस्तू आवडते. टोंकी म्हणजे बॅराकुडा, लांब, टोकदार जबडा. पहिलीने लीडर कापून स्पून नेला. दुसऱ्या वेळेला वीतभर स्टीलची तार लावली आणि दोन मिळाल्या, हातभर लांबीच्या. पाणी मात्र पहिल्या दिवसाइतकं ओढत नव्हतं, भांग जवळ आला होता, आणि पाणी थांबलं तसे मासेही थांबले, नऊनंतर काहीच नाही.

मग बेतुलचे शिनाणे, म्हणजे शिंपले. खडकावरून काढलेले, काळे, मोठे, रव्यात तळलेले, बरोबर पोई, म्हणजे गोव्याचा पाव, आणि चहा. नाश्त्याला शिनाणे हा विचार कोल्हापूरच्या माणसाला पटायला एक घास पुरतो.

काब द रामला नुसतं बघायला गेलो. वनवासात राम-सीता इथे राहिले होते अशी आख्यायिका आहे, किल्ला १७६३ साली सोंध्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे गेला. तटावरून खाली समुद्र दिसतो आणि कड्याखालचं पाणी इतकं खोल, गडद, मासेमारी करणाऱ्याचा जीव खालीवर होतो. खाली उतरून गरवणारे लोक आहेत. मी उतरलो नाही आणि कोणाला उतरा म्हणून सांगणार नाही, दगड सुटे आहेत आणि खाली मोबाईलला रेंज नाही, घसरलात तर वर कळणारच नाही.

निघण्याआधी जायच्या हंगामाबद्दल. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, आणि पावसात खडकांवर जाणं म्हणजे वेडेपणा. नद्यांचं पाणी ऑक्टोबरपासून निवळायला लागतं, तिथून डिसेंबरपर्यंत मला सगळ्यात चांगलं वाटलं. आठ फुटी रॉड, चार हजाराच्या मापाचं रील, वीस पौंडाची ब्रेड दोरी, एवढ्यात हे सगळं झालं. रोज रात्री सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, कितीही दमला असाल तरी. मी तिसऱ्या रात्री चोणकाच्या आनंदात विसरलो तर चौथ्या सकाळी रीलचा बेल, दोरी गुंडाळणारी तार, करकरत होता.

परतीला आंबोलीत धुकं होतं. घरी आल्यावर आईने दिनदर्शिका मागितली, तुळशीच्या लग्नाची तारीख बघायला, तर ती माझ्या खोलीत निघाली. कार्तिकी पौर्णिमेला मी पेन्सिलने गोल केला होता. दादाचा कालच फोन आला, मानशीच्या माणसाने विचारलंय, तो कोल्हापूरचा परत कधी येतोय.